मोज्यांवर सँडल

लाडक्या मॉरीन,

आर्थर गेल्यावर मला एकटीला सहल जमेल का, म्हणत होतीस ना? स्पेनला, बेनिडॉर्मच्या हॉटेलात सुखरूप पोचले. चहा घरूनच आणला ते बरं केलं, इथला नुसता पाणचट.

काल नाश्त्याच्या रांगेत माझा पाय आपल्याकडच्याच, लीड्सच्या एका म्हाताऱ्याच्या पायावर पडला, तर तोच म्हणाला, "माफ करा हं!"

"अहो, चूक माझी!"

"छे छे, माझाच पाय मध्ये आला!"

वेटर हसायला लागला. खाली बघते तर म्हाताऱ्याच्या पायात मोज्यांवर सँडल! सँडलमध्ये असेच मोजे घालण्यावरून मी आर्थरशी तीस वर्षं भांडले. डोळेच भरून आले गं.

इथले जर्मन पाहुणे पहाटेच टॉवेल टाकून पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्या अडवतात; आज ते उठायच्या आत म्हाताऱ्याने दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवले. दुसरी माझ्यासाठी.

माझं मांजर तुझ्याकडे नीट खातंय ना?

मोज्यांबद्दल मी अजून चकार शब्द काढलेला नाही.

तुझीच,
बेरिल