पंगतीतून उठवणारे खडे

पूनम सागर, मीरा रोड
१९ जानेवारी

प्रिय दादास,

वैजूचा सप्रेम जय भीम. चंपावहिनीला, शिवाला आणि नव्या सुनेलाही. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. फाडणार असशील तर फाड, पण आधी सोबतची डबी उघड.

बघितलेस? खडे आहेत ते. माझे! माझ्या पित्ताच्या पिशवीतले. बाकीचे तुरीच्या डाळीएवढे, एक तर चक्क हरभऱ्याएवढा. ऑपरेशननंतर बाटलीत घालून दिले तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारची हंसाबेन म्हणाली, "वैजूबेन, लडका हुआ क्या?" सगळ्या मजल्याला दाखवून झाले. निम्मे तुझ्यासाठी राखून ठेवले, कारण दादा, शिवाच्या लग्नात मला पंगतीतून यांनीच उठवलं.

तू काय समजलास ते ठाऊक आहे मला. बहीण मुंबईवाली झाली, मानाची साडी पसंत पडली नाही, म्हणून भरल्या ताटावरून उठली. भावकीत तुझी मान खाली गेली. अरे, वहिनीनं आग्रहानं पुऱ्या आणि तर्रीची भाजी वाढली, दोन घास गेले नाहीत तोच उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. मांडवामागं ओकत होते मी. परत येऊन म्हणाले, पित्त झालंय. तर तू म्हणालास, "कळतंय आम्हाला कसलं पित्त ते."

गंमत बघ, तुझं पित्त खवळलं आणि माझं साकळलं, शब्द मात्र एकच! आंबट ढेकर आला तरी आपण पित्तच म्हणतो. म्हणून मी आपली कोकम सरबत पीत बसले. सोनोग्राफीत 'स्टोन' म्हटल्यावर ह्यांनी राई गावच्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सरूबाईकडून पानफुटीचा पाला आणला, मूतखडा समजून! तोही चावला मी.

डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. सुटलेलं पोट, वाढलेली साखर, लिव्हरवरची चरबी आणि हे खडे, सगळी एकाच घरातली भावंडं. शरीराला साखर नीट वापरता येईना की लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि तेच साकळून खडा होतो. त्यात मी लग्नात बारीक दिसायला एकच वेळ जेवत होते. झटपट वजन उतरवलं की खडे उलट वाढतात म्हणे. खडे काढले म्हणून साखर जात नाही, असंही बजावलंय. आता वेळेवर भाकरी, डाळ, पालेभाजी, आणि रोज चालणं. साखर उतरतेय रे! जिना चढताना दम लागत नाही.

एवढं सगळं भरभरून लिहिलं, पण खरं लिहायचं ते टाळतेय.

ऑपरेशनआधी माझा एक खडा पित्ताच्या नळीत अडकला होता. ताप चढला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. लेकीनं, पायलनं, आरसा लपवला, तरी मला दिसलं. आईचे डोळे शेवटी तसेच होते ना? तिचंही पोट असंच, तिलाही साखर, तीही पित्तच म्हणायची. तिला काय झालं होतं ते आता कोण सांगणार? पण मी फार घाबरले दादा.

आणि शिवानं पायलला सांगितलंय, तू जेवण झालं की उजवी कूस धरून बसतोस. साखरेसाठी एकच वेळ जेवायला लागलायस. विचारलं तर म्हणतोस, पित्त आहे.

ते पित्त नसेल, दादा. फार दुखलं, ताप आला की तिथंच परभणीला दवाखाना गाठ, माझी वाट बघू नकोस. नाहीतर सरळ इकडे ये. ट्रॅव्हल्स काशीमिऱ्याला थांबते, पायल घ्यायला येईल. सोनोग्राफी उपाशीपोटी करतात, तेव्हा माझ्यावर रुसून न जेवता आलास तरी चालेल. मग घरी ये. पाट मांडते, बिनतर्रीचं वाढते, आणि या वेळी ताटावरून कोणी उठायचं नाही. मीही नाही, तूही नाही.

तुझीच,
भरल्या ताटावरून उठलेली
वैजू