नटव्या

कोपरगाव, ता. २८ जानेवारी १९७१

सौ. राहीआक्कास, धाकट्या आसारामचा पाया पडून नमस्कार. मी खुशाल हाय. आबांचा खोकला कमी झाला का? तुझी शेळी व्याली का? इथल्या गुऱ्हाळावर यंदा ऊस लई हाय.

संक्रांतीला तू दाजींचा फोटो मागितला हुतास, तो सोबत धाडलाय. अंगातला टेरिलीनचा शर्ट माझा हाय. दाजी घालत नव्हते. म्हणाले, "आसाराम, लोक हसतील मला." मीच बटणं लावली, केस बसवले. बाह्या लांब झाल्या, पण ऐट बघ त्यांची.

मी आरशापुढं उभा राहिलो की आबा म्हणायचे, "ए नटव्या, गुरं सोड." तू म्हणायचीस तवा तोच शब्द लाडाचा वाटायचा. इथं काकासाहेब मुकादम शिवीसारखा म्हणतात. चरकात ऊस घालणाऱ्यानं उघड्या अंगानं बसायचं, सैल कापड नको, असा त्यांचा नेम. मी शर्टातच बसायचो. नटव्या म्हणजे नुसता नटणारा, त्यात कुणाचं काय जातं, असं वाटायचं.

फोटो काढून आलो, लगेच आमची पाळी लागली. दाजी शर्ट काढायला लागले. मी म्हणालो, "राहू द्या दाजी. एक दिवस रुबाबात."

आक्का, खाली बसून वाच. बाही चरकात गेली. मी इंजिनाकडं पळालो, पण उशीर झाला. दाजींचा उजवा हात कोपरापासून गेला. सरकारी दवाखान्यात हायेत. ताप उतरंना. डाक्टर म्हणतात, विष वर चढलं तर अवघड हाय.

दाजी शुद्धीवर आले की, "राहीला कळवू नको," एवढंच म्हणतात. शर्टाचं एक अक्षर काढत न्हाईत. त्याचंच मला भ्या वाटतं. आबाही असेच गप बसले तर? त्यांनी मला नटव्या म्हणावं, चारचौघांत म्हणावं.

तार मुद्दाम केली न्हाई. तार बघितली की वाचायच्या आधीच रडारड होते. हे पत्र पाथर्डीच्या ट्रकवाल्याजवळ देतोय. मिळंल त्या एष्टीनं ये. मी स्टँडवर उभा असंन.

आणि एक. मी केस उतरवलेत. आरशात बघवंना म्हणून. मला तसा बघून लांबूनच हंबरडा फोडू नको. हे लिहितोय तवर दाजी हायेत. डोक्याकडं बघू नको. आधी माझ्या तोंडाकडं बघ.

तुझा,
आसाराम