बरणीवरचा राखणदार

आई, ती बरणी अजून माझ्याकडे आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मी इथे आखातात, जबल अली बंदराच्या गोदामात, वाटेत फुटलेल्या मालाची विम्यासाठी पाहणी करायचो. दीडशे वर्षांची चिनी बरणी, मान तुटलेली. मालकाने भरपाई घेतली, बरणी नको म्हणाला, आणि मी ती टॉवेलात गुंडाळून इंटरनॅशनल सिटी वसाहतीतल्या आपल्या घरी आणली. तिच्यावर वटारलेल्या डोळ्यांचा, दाढीवाला, तलवार उपसलेला देव, पायाखाली भूत. तू पदराने धूळ पुसतेस आणि म्हणतेस, "ह्यो तर आपलो राखणदार रे!" मी सांगतो, हा झोंग क्वे, भुतांना पळवतो, चिनी लोक दाराला लावतात. "मगे? तांच तर सांगतंय मी," म्हणत तू त्याला ओट्यावर मिठाच्या डब्याशेजारी बसवतेस.

आम्ही दोघं कामावर, नातू शाळेत, घरी आला तरी "आजी, आय हॅव होमवर्क." दिवसभर मालवणीत बोलायला तुला तो बरणीवरचाच एक होता. रोज हळदीचं बोट लावून तू त्याला गाऱ्हाणं घालायचीस, गावी वेशीवरच्या राखणदाराला घालतात तसं, मोठ्याने.

एका शुक्रवारी ऑफिसची मंडळी जेवायला आली. पानं वाढण्याआधी तू ओट्याशी हात जोडलेस, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, तो चायनीज आहे. त्याला मालवणी कळत नाही." साहेब म्हणाले, "माताजी, चायनीज सीखना पडेगा!" हशा पिकला. तूही हसलीस, तोंडाला पदर लावून. दुसऱ्या दिवसापासून बरणीला हळद लागली नाही. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. ओटा पुसताना तू ती नुसती उचलून बाजूला ठेवायचीस, इतर भांड्यांसारखी. आठ महिन्यांनी तू गेलीस, आणि गावी पोचलीस ती पेटीतून. कार्गोचे कागद मीच भरले. हाताला सवय होती.

बायको म्हणते, गंमतच केली होतीस ना, किती दिवस मनाला लावून घेशील? तिला मी खरं सांगितलेलं नाही. हे पत्रही तिला दाखवणार नाही, आणि तुला कुठे पाठवू? त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी सकाळी मी दाराआड उभा राहून तुझं गाऱ्हाणं ऐकलं होतं. "माझ्या झिलाक बुद्धी दी रे म्हाराजा, माका गावाक न्हेऊन सोडूची." मला मालवणी चांगली कळते, आई. तू गावी गेलीस तर शाळा सुटल्यावर पोराला कोण बघणार, म्हणून मी तुला गप्प केलं.