विकायच्या घराचा नवा ओटा

३ मार्च
घर विकायचं ठरलं. ठरवलं हिने, जाहीर मी केलं. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली, मे महिन्यात ती कामावर जाणार. तिच्याच गल्लीत एक घर रिकामं आहे आणि तिथला मालक एप्रिलअखेरपर्यंत आपल्यासाठी थांबायला तयार आहे. नात लहान आहे, आजी जवळ हवी, असं लेकीचं म्हणणं. आजोबांचा उल्लेख झाला नाही, पण ते गृहीत असावं.

संध्याकाळी एजंट आला. बोटाभोवती चाव्यांचा जुडगा फिरवत सगळ्या खोल्या पाहिल्या, एक किंमत सांगितली. म्हणाला, भिंतींना रंगाचा एक हात मारा, गळका नळ बदला, ओटा घासूनपुसून घ्या आणि विका. स्वयंपाकघरात पैसे घालू नका. घेणारा आपल्या मनासारखं करून घेतो, तुमचे घातलेले परत येत नाहीत.

उभा जन्म विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून गेला. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, चेपलेल्या गाड्या, कशाचीही किंमत उभ्या उभ्या सांगायचो. आता मला किंमत शिकवणार कोण, तर हा चाव्या फिरवणारा.

ही म्हणाली, घर जास्तीत गेलं तर त्याचंही कमिशन वाढेल, मग तो उगाच नको कशाला म्हणेल? म्हटलं, आळशी माणसाला लोभसुद्धा धड करता येत नाही. ती कुकर लावायला उठली. म्हणजे पटलं असावं.

५ मार्च
दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलो असताना एका मासिकात लेख वाचला. घर पाहणारा माणूस स्वयंपाकघरात निर्णय घेतो म्हणे. शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं, पण मुद्दा कळला.

संकल्प: फक्त कपाटांची दारं बदलायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही. आठवड्याचं काम.

९ मार्च
दारं बसली. झकास. फक्त त्यांच्यामुळे ओटा एकदम म्हातारा दिसायला लागला. ही म्हणाली, मग जुनी दारं परत लावा. पराभूत वृत्ती.

कंत्राटदार पाहून ठेवला आहे. फार जाणकार माणूस. मी जे जे सांगितलं त्याला 'हो साहेब' म्हणाला. ओटा नवा हवा? हो साहेब. सिंक खिडकीखाली न्यायचं? हो साहेब. महिनाअखेर पूर्ण? हो साहेब. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं म्हणणं कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याचं नाव मी मनात 'होसाहेब' असंच ठेवलं आहे.

१३ मार्च
शोरूममध्ये दुपार गेली. ड्रॉवर पाहिले. ढकलले की शेवटी आपोआप हळू होतात आणि आवाज न करता बंद होतात. विक्रेती म्हणाली, याला सॉफ्ट क्लोज म्हणतात. आपल्या घरात आजवर काहीच सॉफ्ट क्लोज झालेलं नाही. घेतले.

येताना रिक्षात ही म्हणाली की रुंद ओटा मी किती वर्षं मागत होते, तेव्हा म्हणालात काय गरज आहे. आता कोण कुठल्या परक्या बाईसाठी करताय. मी शांतपणे समजावलं की तेव्हा आपण घर विकत नव्हतो. यात न समजण्यासारखं काय आहे कळत नाही. ती घरी येईपर्यंत बाहेर बघत बसली.

१८ मार्च
तोडफोड सुरू. जुना ओटा अपेक्षेपेक्षा चिवट निघाला आणि पाण्याचा पाइप अपेक्षेपेक्षा नाजूक. हॉलमध्ये पाणी. होसाहेबला विचारलं, इथून पाइप जातो हे तुम्हाला माहीत होतं का? म्हणाला, हो साहेब.

खालच्या मजल्यावरच्यांनी छताला आलेली ओल दाखवायला बोलावलं. पाहताक्षणी सांगितलं की किरकोळ आहे. अनुभव तो अनुभव. त्यांना तो पटला नाही.

२० मार्च
तात्पुरतं स्वयंपाकघर झोपायच्या खोलीत. विजेची शेगडी हिच्या ड्रेसिंग टेबलवर. सोय उत्तम आहे. एकच अडचण, समोर आरसा असल्यामुळे ही स्वयंपाक करताना दोन-दोन दिसते आणि दोघीही रागावलेल्या असतात.

उशीला कांद्याचा वास. तक्रार करायची नाही असं ठरवलं आहे, म्हणून इथे फक्त नोंद.

२४ मार्च
एजंट न कळवता पहिलं गिऱ्हाईक घेऊन आला. नवराबायको, सोबत तिचे वडील. स्वयंपाकघराच्या जागी त्यांना उघड्या विटा, एक खड्डा आणि खड्ड्यात उतरलेला प्लंबर दिसला. मी लगेच नकाशा आणला. इथे सिंक, इथे ड्रॉवर, इथे मसाल्यांचा खण, कल्पना करा. वडिलांनी विचारलं, घर पडीक म्हणून स्वस्तात मिळतंय का?

कल्पनाशक्ती नसलेल्या लोकांना घर विकायचंच नाही, असं मी एजंटला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, काम संपेपर्यंत मी कोणाला आणत नाही. शेवटी माझ्या मताला आला.

१ एप्रिल
टाइल्स आल्या. पांढऱ्या मागवल्या होत्या, हिरव्या आल्या. परत पाठवायच्या तर तीन आठवडे. अर्धा तास त्यांच्याकडे पाहत बसलो आणि लक्षात आलं की मला मुळात हिरव्याच हव्या होत्या. हिरवा रंग भूक वाढवतो. कुठेतरी वाचलंय.

लेकीचा फोन. तिकडचा घरमालक विचारतोय. म्हटलं, काम पंधरवड्यात आटोपतंय. ती म्हणाली, बाबा, हेच तुम्ही मागच्या पंधरवड्यात म्हणालात. मागे बाळ रडत होतं म्हणून वाद वाढवला नाही.

५ एप्रिल
ओटा बसला. काळा ग्रॅनाइट, आरशासारखा. हिला डोळे मिटायला लावून हाताला धरून आणलं. डोळे उघडून ती ओट्यापाशी उभी राहिली तर ओटा तिच्या छातीला लागत होता.

होसाहेबला विचारलं, उंची कोणाच्या मापाने घेतली? म्हणाला, तुमच्याच साहेब, तुम्हीच उभे राहिलात ना. ही गोष्ट खरी आहे, पण त्याने आठवण करून द्यायची गरज नव्हती.

हिला म्हटलं, उंच ओट्याने पाठ ताठ राहते. ती स्टुलावर चढली, तिथून माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरली. एक अक्षर बोलली नाही. मला भांडण परवडतं, हे नाही.

६ एप्रिल
ही लेकीकडे गेली. बॅग आदल्या दिवशीच भरलेली होती. दारात म्हणाली, तुम्हाला घर विकायचंच नाहीये. कपाट झालं की ओटा, ओटा झाला की टाइल्स, आता म्हणाल बाथरूम. नात आजोबांना ओळखायला लागेल तेव्हा या.

घर विकायचं नाही म्हणे. एवढी धूळ खातोय ती कशासाठी? विकण्यासाठीच ना?

बाथरूमचा विचार मी अजून कोणालाही सांगितलेला नव्हता. हिला कसा कळला?

१२ एप्रिल
पूर्ण झालं. जगाने कितीही अडवलं तरी मी करून दाखवलं. होसाहेब हिशेब करून गेला. मीच एकटा घरी.

नव्या ओट्यावर पहिला चहा केला. साखरेचा डबा सापडला नाही, तो हिने कुठे ठेवलाय हे तिलाच माहीत. बिनसाखरेचा प्यायलो. तब्येतीला चांगला. मग ड्रॉवर उघडून बंद केला. पुन्हा उघडला. खरोखर आवाज होत नाही. घरात तसाही कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे नीट कळत नव्हतं.

हिला फोटो पाठवला. उत्तरादाखल नातीचा फोटो आला. तिला दात येतोय. फोटोत ओट्याबद्दल काही नव्हतं.

१६ एप्रिल
गिऱ्हाईक. या वेळी माझ्या तोलामोलाचं. नवराबायको दोघंही नर्स, एकाच हॉस्पिटलात, आलटून पालटून पाळ्या. ती शांत, तो त्याहून शांत. हॉल आवडला, लिफ्ट मोठी आहे म्हणून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात आले आणि तिथेच थांबले. एजंटकडे मी एक नजर टाकली. आता बोल.

मी ग्रॅनाइट दाखवला, खण दाखवले, ड्रॉवर तिला स्वतः ढकलायला लावला. ती खिडकीशी उभी होती. विचारलं, ऊन इथे किती वेळ असतं? सांगितलं, सकाळभर. बाकीच्या खोल्यांसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, पण इथून मैदान दिसतं. तिने नवऱ्याला खूण केली. तो खाकरून म्हणाला, काका, घर आम्हाला पसंत आहे. किमतीचंही जमेल. फक्त हा ओटा तेवढा काढून द्याल का?

मला वाटलं चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा सांगितलं. माझे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले आहेत, दिवसभर छताकडे बघत पडून असतात. त्यांची खाट या खोलीत टाकायची. आमचं जेवण बहुतेक हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होतं, दूध-पेज करायला बाहेर पॅसेजमध्ये एक शेगडी पुरे.

विचार करून सांगतो म्हणालो. एजंटने आज चाव्या फिरवल्या नाहीत. हे जास्त लागलं.

१७ एप्रिल
हिला फोन करून सगळं सांगितलं. माझ्या बाजूने बोलेल अशी अपेक्षा. तिने विचारलं, त्या वडिलांना बोलता येतं का? म्हटलं, येतं, पण अडखळत, असं मुलगा सांगत होता. म्हणाली, म्हणजे त्यांना सगळं कळतंय आणि छताकडे बघत पडून आहेत. काढून टाका ओटा. म्हटलं, प्रश्न ओट्याचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्व पॅसेजमध्ये ठेवा.

हटणार नाही.

१८ एप्रिल
त्या नर्सबाईंना तोडगा सुचवला: ओटाही ठेवा, खाटही टाका. त्या टेप घेऊन आल्या. खाट बसत नाही. मी स्वतः पुन्हा मोजलं. बसते, पण माणसाला तिरकं झोपावं लागेल. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, त्यांचं अर्धं अंग आधीच गेलंय.

मग मी टेप गुंडाळली.

२३ एप्रिल
होसाहेबला बोलावलं. ओटा तोडायचा? हो साहेब. ड्रॉवर, खण, सगळं? हो साहेब. नवा आहे अजून. हो साहेब. पहिल्यांदाच वाटलं, या माणसाने कधीतरी नाही म्हणायला हवं होतं.

करायला महिना लागला, जायला एक सकाळ. ग्रॅनाइटचे तीन तुकडे झाले. ड्रॉवर त्याने गोणीत घातले. गोणीतसुद्धा आवाज न करता बंद होत असावेत.

सवयीने पंचनामा लिहिला. वस्तू: स्वयंपाकघर, अंदाजे अकरा दिवसांचं. नुकसान: संपूर्ण. कारण या रकान्यात बराच वेळ काही सुचेना. शेवटी लिहिलं: नैसर्गिक आपत्ती.

एजंटचा फोन. कागदपत्रांचं काम मार्गी लागलं. किंमत तीच, जी त्याने पहिल्या दिवशी सांगितली होती. ओटा नसता तर किती आली असती, हे विचारलं नाही. कारण ते सिद्ध करता येत नाही.

२९ एप्रिल
उरलेल्या किल्ल्या द्यायचा दिवस; एक त्यांना रंगकामासाठी आधीच दिली होती. ही आणि लेक तिकडे सामान लावतायत, मी एकटाच आलो होतो. खोली ओळखू येईना. भिंतीला पांढरा रंग, खिडकीला पडदा नाही, मधोमध उन्हात खाट. म्हातारबुवांना चाकाच्या खुर्चीतून लिफ्टने वर आणलं आणि मुलाने व सुनेने अलगद खाटेवर ठेवलं. मुलगा ड्यूटीवर गेला. सून पॅसेजमध्ये दूध तापवायला लागली.

मी किल्ल्या खिडकीत ठेवून निघणार, तेवढ्यात म्हातारबुवांनी हाताने बसा म्हणून खूण केली. बराच वेळ मैदानात खेळणारी मुलं पाहत होते. मग एकेक शब्द जोडत विचारलं, ही खोली... आधी... कसली होती?

इतक्या दिवसांत कोणीच विचारलं नव्हतं. स्टूल ओढून बसलो. सांगितलं, स्वयंपाकघर होतं. साधंसुधं नाही. इथे काळा ग्रॅनाइट होता, तुमचे पाय आहेत तिथवर. सिंक खिडकीखाली, म्हणजे भांडी घासताना मैदान दिसावं. हिरव्या टाइल्स, मुद्दाम निवडलेल्या. ओटा जरा उंच, पण पाठीला चांगला. ते मान हलवत होते. मग मी ड्रॉवरवर आलो. म्हटलं, नुसता ढकलायचा, शेवटी आपोआप हळू होतो.

वर पाहिलं तर म्हातारबुवांना झोप लागली होती.

सून दूध घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. हळूच म्हणाली, आठवडा झाला, धड झोपले नव्हते.

अर्धवट सोडलेलं काम मला आवडत नाही. मसाल्यांचा खण राहिला होता. तो हळू आवाजात सांगितला आणि निघालो.