बारशाला मागं कोणी बसायचं

वरठी,
ता. २६ नोव्हेंबर १९७६

तीर्थस्वरूप भय्याजीमामा यांच्या पायांवर भाचा चंद्रभान याचं डोकं. (टपालानं ठेवलेलं असलं तरी पूर्ण वाकून ठेवलेलं आहे.) मामींनाही नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि घरचे सहा माग कसे आहेत ते कळवावं. इकडे मी बरा आहे, मंदा बरी आहे असं म्हणते, आणि आईला 'बरी आहेस का' विचारलं की राग येतो, म्हणून विचारलेलं नाही.

तुमचं कार्ड परवा पोचलं. नातू झाला, वजन भरपूर आहे, नाक मामींच्या माहेरचं आहे, हे वाचून फार आनंद झाला. (नाकाचं वाचून थोडा कमी झाला.) येत्या पाच तारखेला, रविवारी बारसं आहे, हेही समजलं. मात्र खाली जागा उरली नाही म्हणून तुम्ही कडेकडेनं मुंगीएवढ्या अक्षरात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक अशी, की मंदाला शक्यतो बारशाच्या दुसऱ्या दिवशी आणावं, आणि त्याच दिवशी आणलंच तर तिनं पाळण्यापासून दूर, बायांच्या मागं बसावं. कारण सहा वर्षांत कूस उजवली नाही अशा बाईची सावली नव्या लेकरावर बरी नाही, असं मामींचं म्हणणं. दुसरी अशी, की अड्याळला एक मुलगी आहे, सातवी पास आहे, तिला पाच भाऊ आहेत, म्हणजे घराणं फळणारं आहे, तर मी मनावर घ्यावं. मामा, हे तुम्ही उघड्या कार्डावर लिहिलंत! आमच्या पोस्टमननं ते मला वर्गाच्या दारात दिलं आणि वरून म्हणाला, "पोरगी चांगली हाय मास्तर, माह्या मावशीच्याच आळीतली हाय." मंदानंही ते वाचलं. कार्ड सुपाखाली ठेवलं आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. म्हणून मी हे उत्तर बंद पाकिटातून पाठवून राहिलो.

तुम्ही कार्डात असंही विचारलं आहे, की 'काही इलाज केला का नुसताच बसला?' तेव्हा निर्णय कळवण्याआधी सगळा अहवाल देतो. पहिली चार वर्षं इलाज आईच्या हाती होता. त्यात मंदानं सोळा सोमवार दोनदा केले. (पहिल्या खेपेला चौदाव्या सोमवारी आईनंच तिला लसणाची चटणी वाढली, त्यामुळे मागचे तेरा वाया गेले, आणि तो दोष चटणी खाणारीचा ठरला.) मग जंगलातल्या एका वैदूची मुळी पहिलारू गाईच्या दुधात उगाळून नऊ दिवस प्यायली. ती मुळी तुम्हीच पाठवली होती, मामा. तिनं मंदाला नऊच्या नऊ दिवस जुलाब झाले, आणि आई म्हणाली, "होऊ दे, पोट साफ होऊन राहिलं, लेकराले जागा होईल." या चार वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं कष्टाचं काम एकच. मी गाय शोधली.

मागच्या वर्षीपासून मात्र आम्ही नागपूरच्या डॉक्टरणीकडे जातो आणि मला बढती मिळाली आहे. आता मी पिशवी धरतो. तुम्हाला वाटेल, त्यात काय! पण तिथं व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही पंधरा-वीस नवरे असतो, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, टॉवेल नि जुने कागद. आत बायांना सुया टोचतात, आणि बाहेर आम्ही धानाचा भाव आणि यंदाची तुडतुड्याची कीड यांवर बोलतो. आतल्या गोष्टीवर कोणी बोलत नाही. एकदा मंदाच्या नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायला आत औषध सोडून फोटो काढला. ती भिंतीला धरत बाहेर आली, ओठ पांढरे फटक, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचं तोंड काहून उतरलं? चहा घ्या ना." मी घेतला. दोन घेतले. येताना यष्टीत एकच जागा होती, ती मला मिळाली, कारण पिशवी माझ्याकडे होती. (हे लिहिताना लाज वाटते आहे. तेव्हा वाटली नव्हती.)

मग डॉक्टरणीनं सांगितलं, की मंदानं रोज पहाटे उठल्या उठल्या थर्मामीटर तोंडात धरायचं, आकडा मांडायचा, आणि पारा जिथं चढतो त्याच्या आसपासचे चार दिवस... तुम्ही वडीलधारे आहात, जास्त लिहीत नाही. मी हायस्कुलातून आलेखाचा कागद मागून आणला, रोज ठिपका दिला, आणि त्या चार दिवसांवर लाल पेन्सिलीनं खूण केली. आईनं थर्मामीटर पाहिलं आणि आळीभर सांगितलं, की सून सहा महिन्यांपासून तापानं फणफणते आहे. शेजारच्या शकुनबाई काढा घेऊन आल्या. तोही मंदानंच प्यायला. असो. तर यंदा लाल खुणा नेमक्या पोळ्याला आल्या, आणि पोळ्याच्या सकाळी दारात कोण? तुम्ही! आमचं घर दीड खोलीचं. तुमच्या गुडघ्यासाठी खाट मधल्या खोलीत, खाटेजवळ आई, चुलीपाशी मंदा, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात. तुम्ही चार दिवस राहिलात. चारच! पाचव्या दिवशी यष्टीच्या पायरीवर उभं राहून मला विचारलंत, "सहा वर्सं झाले बाप्पा, काहून होऊन नाही राह्यलं?" मामा, मी तुमचा मान राखला आणि मुकाट्यानं तुमची वळकटी टपावर चढवली.

खरं म्हणजे त्याच्याही आधी, शिमग्याच्या सुमाराला, डॉक्टरणीनं मला आत बोलावून चिठ्ठी दिली होती, की बाईंचं सगळं पाहून झालं, आता तुमची तपासणी करून आणा. मला राग आला. माझी? मी पिशवी धरायला आलेला माणूस! घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "माणसाची कायची तपासणी? तुह्या बापाची केली होती का कोणी?" हा मुद्दा मला एकदम पटला. (मला तेव्हा पटण्याची घाईच होती.) चिठ्ठी मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली आणि आठ महिने काढली नाही. या आठ महिन्यांत मंदाच्या सुया चालूच होत्या. तुम्ही जातीचे विणकर. लुगड्यात खोट निघाली तर ताणाही पाहता आणि बाणाही पाहता, एकट्या ताण्याला शिव्या देत बसत नाही. मी मास्तर. दिवाळीनंतर एक दिवस शाळेत डबा उघडला, तर भातावर ती चिठ्ठी घडी घालून ठेवलेली. भूगोलाच्या पुस्तकावरची धूळ मंदानं पुसली होती.

तेव्हा किरकोळ रजेचा अर्ज टाकला (कारण: 'घरगुती') आणि निघालो. तपासणी भंडाऱ्याला. नमुना बाटलीतून एका तासात पोचला पाहिजे, आणि गार होता कामा नये. म्हणून बाटली बनियनच्या आत, वर स्वेटर, वर कोट, आणि एक हात छातीवर दाबून मी सायकल हाणली. फाटक बंद. मालगाडी अशी सावकाश चालली होती, जणू तिला कळलं होतं. मी डबे मोजले, बावन्न भरले. फाटक उघडलं, कोसभर गेलो आणि सायकलची चेन तुटली. आता काय करावं म्हणून रस्त्याच्या कडेला छाती धरून उभा होतो, तोच मागून जीप आली. नसबंदीच्या शिबिराची! आम्हा मास्तरांवर यंदा दोन-दोन माणसं आणायची सक्ती आहे, नाही तर पगार अडकतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मी अजून एकही आणला नव्हता. (ज्याला स्वतःला एक होत नाही, त्यानं दुसऱ्याला 'आता पुरे' म्हणून कोणत्या तोंडानं सांगावं?) जीपमधले धनीराम ओळखीचे. म्हणाले, "मास्तर, माणूस कुठं हाय? वरचे विचारून राह्यले." खरं सांगायची सोय नव्हती आणि बाटली गार होत होती, म्हणून मी म्हटलं, "मीच आहे, चला लवकर." झालं! त्यांनी सायकल टपावर टाकली, गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि भोंग्यावरून ओरडायला लागले, की वरठीचे चंद्रभान गुरुजी स्वखुशीनं येऊन राहिले, सर्वांनी त्यांचा आदर्श घ्यावा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानांवरून माझी अशी मिरवणूक निघाली. शिबिराच्या मंडपापाशी उतरल्यावर धनीरामनं फॉर्म काढला. लेकरं किती? मी म्हटलं, शून्य. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शून्य असून आले? असं देशप्रेम नाही पाह्यलं जी कुठं!" आणि ते साहेबांना बोलवायला वळले, तसा मी छाती धरून जो पळालो, तो तपासणीवाल्याच्या दारातच थांबलो. सत्तावन्न मिनिटं झाली होती. आतल्या कंपाउंडरनं गळ्यातला हार पाहिला आणि अभिनंदन केलं.

असा सगळा प्रकार आहे. अहवाल तीन आठवड्यांपूर्वीच आला आहे आणि आम्ही दोघांनी वाचला आहे. त्यावर विचार करून मी या निर्णयाला आलो, की मामा, तुमचं आणि मामींचं म्हणणं बरोबर आहे. ज्याच्यामुळे घरात लेकरू नाही, त्यानं बारशाला पुढं पुढं करू नये. आणि दुसरं लग्न हाही विचार करण्यासारखा उपाय आहे. मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे संस्कार आईनं माझ्यावर केलेच आहेत. आम्ही चार तारखेच्या संध्याकाळच्या यष्टीनं पोचतो. लहानग्याला माझ्यातर्फे एक पापा, नाक सोडून.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
चंद्रभान

ता. क. – भंडाऱ्यात माझं ऑपरेशन झालं अशी बातमी तुमच्या पवनीत आली असेल, तर ती खोटी आहे. हार खरा होता.

दुसरा ता. क. – अहवालात काय आहे ते वर लिहायचं राहिलं. मंदात काहीही दोष नाही, पूर्वीही नव्हता. आहे तो सगळा माझ्यात आहे. डॉक्टरीण म्हणते, औषध घेऊन पाहा, आशा थोडी आहे पण आहे. त्यामुळे हल्ली गोळ्या मी गिळतो आणि पिशवी मंदा धरते. तेव्हा दुसऱ्या लग्नाचा तुमचा उपाय लावायचाच असेल, तर नियमानं तो मंदाला लावावा लागेल. अड्याळच्या त्या मुलीला पाच भाऊ आहेत म्हणता, त्यांतला एखादा बिनलग्नाचा आहे का ते पाहावं. मला मात्र ते स्थळ बघवणार नाही, त्यामुळे मी मंदाला सोडायला तयार नाही, हेही त्यांना कळवावं.

तिसरा ता. क. – हे पत्र मी मंदाला न सांगता लिहीत आहे. अहवाल आला त्या दिवशी ती म्हणाली, "कोणाले सांगू नका. मले बोलणं खायची सवय झाली. तुमाले नाही होणार सहन." आणि मी तीन आठवडे गप्प बसलो, मामा. तुमचं कार्ड आलं नसतं तर जन्मभर बसलो असतो. म्हणून विनंती एवढीच, की हे पत्र मिळताच मामींना मोठ्यानं वाचून दाखवावं आणि 'कोणाला सांगू नको' असं बजावावं, म्हणजे रविवारपर्यंत सगळ्या पवनीला कळेल आणि मला घरोघर जाऊन सांगायला नको. आईलाही मी आजच सांगतो. मंदानं लेकरासाठी कुंची शिवली आहे, ती तिच्याच हातानं त्याच्या डोक्यावर घालू द्यावी, आणि पाळण्याला पहिला झोका तिचा. वांझेनं मागं बसावं, ही मामींची रीत मोडायची नाही. मी बाहेर पडवीत, चपलांजवळ बसेन. माझं पान तिथंच वाढावं.