व्होल्टेजचा दोष

२९ ऑक्टो. २००७, मुरबाड

पेन टॅब्लेटवर टेकलेलंच होतं, कड निम्म्यावर आली होती, आणि रेषा हलली. मागे घेतली. पुन्हा ओढली. यावेळी थोडं पुढे जाऊन हलली. सिद्धगडाची कड एका दमात यायला हवी. तुकड्यातुकड्यांनी काढलेला डोंगर जोडलेला दिसतो. किती वेळा मागे घेतली, मोजलं नाही. मग वरची ट्यूबलाइट लुकलुकली तेव्हा लक्षात आलं. व्होल्टेज. उगाच घाबरले.

३१ ऑक्टो.

चित्रकथेचं पा. ५. हरवलेली म्हैस शोधत निघालेली मुलगी पहिल्यांदा कड्याखाली येऊन उभी राहते. संवाद आधी टाकून घेतले, मग त्यांच्याभोवती फुगे. उलटं केलं की अक्षरं फुग्यात कोंबावी लागतात, हे पहिल्या कामात शिकले. निळ्या थरावर कच्चं काढलं, ठीक आलं. कच्च्यात सगळंच थरथरतं, तिथे काही कळत नाही. कळतं ते वरच्या शाईच्या थरात. चारशे टक्के मोठं करून पाहिलं. करवतीचे दात. छापील आकारात आणलं की जवळजवळ दिसत नाही.

संपादक बाईंचा (सं. बाई) ठाण्याहून फोन. जानेवारीपासून मुलांच्या मासिकात क्रमशः घेणार. "दर महिन्याला आठ पानं. वर्षभर. जमेल ना? मध्येच थांबलं तर मुलं आम्हाला सोडत नाहीत." जमेल म्हणाले. बोलताना उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. का, ते कळलं नाही. फोन तर डाव्या हातात होता.

२ नोव्हें.

बाळूदादाला बोलावलं. चुलतभाऊ, वायरमन. त्याला पडद्यावरची रेषा दाखवली.

"ताय, यात शाय नाय, टोक नाय, मग हालतं काय?"

म्हटलं, तेच विचारते आहे. त्याने टेस्टर संगणकाच्या पत्र्याला लावला. दिवा पेटला. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"अर्थिंगच नाय गो तुमच्याकडं! करंट सगळा डब्यात फिरतोय. तुझं पेन नाय नाचणार तं काय करणार?"

५ नोव्हें.

अर्थिंगसाठी मागच्या दारी खड्डा. बाळूदादाने पाइप उभा केला, भोवती कोळसा, मीठ, वर पाणी. आई: "आख्खी पिशवी वतलीस? न आता भातात काय घालू, कोळसा?" बाळूदादा म्हणाला, "काकू, भात अळणी खा, पण तायची रेघ सरळ येऊ दे."

आप्पा (वडील) ओट्यावर बसून पाहत होते. बोलले नाहीत. दुकानांचे बोर्ड रंगवायचे तेव्हाही बोलायचे नाहीत. बाजारातले जुने बोर्ड अजून त्यांचेच आहेत. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा गेला, असं घरात आणि बाजारात सगळे सांगतात. आता ते पेला दोन्ही हातांनी धरतात. आई त्यांना अर्धाच भरून देते.

दुपारभर वी. ना. (वीज नाही.) काम उद्या.

६ नोव्हें.

टेस्टर पेटत नाही. पंखा नीट, ट्यूब नीट.

रेषा हलली.

७ नोव्हें.

पेनाचं टोक बदललं. टॅब्लेटचा पृष्ठभाग फार गुळगुळीत, म्हणून त्यावर कागद चिकटवला. पेन थोडं अडतं, हाताला आधार मिळतो. युक्ती चांगली आहे. नव्याने काढणाऱ्यांना सांगायला हवी. केबल दुसऱ्या खाचेत घातली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला.

एक गोष्ट केली नाही. टॅब्लेटवर चिकटवलेल्या कागदावर साधी पेन्सिल ओढून पाहिली नाही. कागदाला व्होल्टेज नसतं.

या वहीतलं अक्षर यात मोजू नये. मी कायम पळत लिहिते, माझं अक्षर शाळेपासून असंच आहे. पळत्या अक्षरात काही कळत नाही. कळतं ते सावकाश ओढलेल्या लांब रेषेत.

९ नोव्हें., दिवाळी

अंगणात रांगोळी दरवर्षी मी काढते. म्हटलं, पाठ धरली आहे. आईने काढली. ठिपक्यांची, लहानशी. काढून झाल्यावर तिने माझ्या पाठीकडे नाही, हाताकडे पाहिलं. किंवा मला तसं वाटलं.

१२ नोव्हें.

सॉफ्टवेअरमध्ये रेषा स्थिर करणारी एक पट्टी आहे. आजवर शून्यावर होती. आज शेवटापर्यंत ओढली. आता पेन पुढे जातं आणि रेषा मागून येते, दोरीने ओढल्यासारखी. कड एका दमात आली. स्वच्छ. सगळी पाच पानं नव्याने शाईत काढली. मुलीचा चेहरा, म्हशीची पाठ, पळसाची पानं, सगळ्यांची रेषा एकसारखी. कोणाचीही असू शकेल अशी.

शहापूरला सायबरमध्ये जाऊन पानं पाठवली. सं. बाईंचा लगेच फोन. "काय सफाई आलीय हो तुमच्या हाताला!"

परतताना एसटीत हात बॅगेत घालून बसले.

१५ नोव्हें.

सकाळी आईने चहा दिला. आप्पांचा अर्धा. माझाही अर्धा.

तिला विचारलं नाही. दूध संपलं असेल. नंतर पातेलं पाहिलं. दूध होतं.

१८ नोव्हें.

पा. ६ व ७ झाली. पट्टी शेवटापर्यंत. पट्टी आहे तोवर वर्षभराचं निभेल, असा हिशोब मनात मांडते. मग वाटतं, पट्टीलाही हात आवरणार नाही असा दिवस येईलच. तो कोणत्या महिन्यात? पान कितवं? मुलगी तेव्हा कुठे असेल, खिंडीत की गडावर?

सं. बाईंनी नवं ठरवलं आहे. शहापूरच्या शाळेत चित्रकथा काढू पाहणाऱ्या मुलांसाठी एक दिवस. प्रोजेक्टर येणार. मी टॅब्लेटवर काढायचं, मुलांनी भिंतीवर पाहायचं. नाही म्हणण्यासाठी कारण सुचेना. पाठीचं सुचलं, पण ते घरच्यांसाठीचं.

२५ नोव्हें., रवि.

शाळेतून आत्ताच आले. क्रमाने लिहिते.

पहिला भाग बरा गेला. थर म्हणजे काय, ते सांगितलं. एकावर एक ठेवलेल्या काचा समजा, खालचं पुसलं तरी वरचं राहतं. पेन दाबलं की जाड, उचललं की बारीक. काळा रंग शेवटी भरायचा. स्कॅन करताना ठिपके जास्त ठेवायचे, नाहीतर छापताना रेषा फाटते. मुलं शांत. पट्टी शेवटापर्यंत. भिंतीवर कड स्वच्छ उमटली.

मग वीज गेली.

सगळी माझ्याकडे पाहत होती. शाळेतले सर म्हणाले, "मॅडम, कागदावर दाखवा की. नायतरी या पोरांच्या घरी कुठला कॉम्प्युटर."

कोणीतरी ड्रॉइंगचा कागद पुढे केला. जाड स्केचपेन. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. बरेच दिवस टाळलेली गोष्ट इतक्या लवकर झाली. कड काढली. मी कागदाकडे पाहत नव्हते, मुलांच्या तोंडांकडे पाहत होते. कोणाच्या तोंडावर काही दिसलं नाही. म्हटलं, आता तुम्ही काढा. माझा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

त्यांची चित्रं गोळा केली. एक मुलगी, रंजना, शेणवे गावाकडची, हसऱ्या तोंडाची. तिचा डोंगर चांगला होता. पण सगळी कड बारीक बारीक थरथरलेली.

"अशी का काढलीस?"

"तुमी काढली तशीच काढली, मॅडम. थोडी थोडी हालवत. खडक तसाच दिसतो ना." मग शेजारणीला म्हणाली, "ही सरळ काढून बसली बघ. गड हाय का बांध हाय?"

सगळी हसली. मीही हसले. बाकीचे कागद पाहिले. बऱ्याच जणांनी हलवली होती. हलवताना जीभ बाहेर काढून, मन लावून. त्यांना ती युक्ती वाटली.

२६ नोव्हें.

माझी घडी उघडली नाही. मुलांचे कागद टेबलावर होते. आप्पा आत आले, पाहत उभे राहिले. रंजनाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट हलत होतं, त्यामुळे ते रेषेवर अगदी बरोबर बसत होतं.

"ही कोणी काढली?"

"शाळेतल्या पोरीनं."

"कोणाचं बघून?"

मी बाकीचे कागद आवरू लागले. ते खाली बसले.

"बाय, फ्लेक्स मागून आला."

"म्हणजे?"

"मी बोर्ड सोडले तवा फ्लेक्स नव्हता मुरबाडात. दोन पावसाळ्यांनी आला. लोकं आपणहून बोलाया लागली, फ्लेक्सनं आप्पाला घालवला. मी म्हटलं, बोला."

विचारलं, डॉक्टरला दाखवलं होतं का. "काय दाखवायचं? हात? तो तं सगळ्यांना दिसतोय." मग हसले. दात कमी झाले आहेत.

विचारलं, तुमच्या वेळी कसं सुरू झालं. म्हणाले, लांब आडव्या रेघेत. 'किराणा' लिहिताना. शिरोरेघ.

२७ नोव्हें.

कल्याणला एक डॉक्टर आहेत, नसांचे. उद्याचा नंबर फोनवर मिळाला. म्हणे कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगतात, आतून बाहेर. एका हाताने, मग दुसऱ्या. त्यावरून बरंच कळतं. हे बाळूदादाने सांगितलं, त्याच्या सासऱ्यांना तिथे नेलं होतं. "घाबरू नको, ताय. सासऱ्यांचं गोळ्यांनी थांबलं." मग उगाच म्हणाला, "थांबलं म्हंजे कमी झालं."

पा. ८ अर्धवट. मुलगी कड्याच्या सावलीत शिरते आहे. पट्टी शून्यावर आणून एक रेषा ओढून पाहावी असं दुपारभर वाटलं. ओढली नाही. संगणक बंद केला.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "उपाशी जायचं का खाऊन, विचारलंस का?" विचारलं नव्हतं.

२८ नोव्हें.

सकाळी निघाले तर आप्पा धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. बटणं आईने लावली असावीत. एसटीत ते खिडकीशी बसले. दवाखान्यात त्यांनी स्वतःच पुढे होऊन नावं सांगितली. एकच आडनाव पाहून नोंदणीच्या बाईंनी विचारलं, यातले पेशंट कोण. आप्पा म्हणाले, "दोघं." बाकावर बसलो आहोत. आत कोणाला आधी बोलावतील ते अजून सांगितलेलं नाही.