फळीवरची रोटी

झाहले (लेबनॉन), २ फेब्रुवारी १९१०

चि. मित्रीस अ. उ. आ.

अफीफा जाऊन वर्ष होत आलं. सात वर्षांची नजीबा आईविना त्या परमुलखात कशी वाढायची? तिकडच्या आपल्या खलीलची बायको ईस्टरनंतर इकडे येतेय, तिच्यासोबत पोरीला पाठव. तू दिवसभर दुरुस्तीच्या घड्याळांत डोळा खुपसून बसणार आणि लेक परक्या बायांच्या हाती! हेकटपणा पुरे, थोरल्या बहिणीचं ऐक. माया आहेच, तूही ती आटू देऊ नकोस.

तुझी वर्दाताई

बोस्टन, २० मार्च १९१०

ती. ताईस सा. न. वि. वि.

‘परक्या’ हा शब्द चूक आहे. त्या शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बाया. आपल्यासारख्यांच्या पोरांसाठी आमच्याच गल्लीत सेवाघर काढून राहतात. मिस व्हिटकोम नजीबाला दूध देते, अक्षरं गिरवून घेते. वेण्या मात्र सैल घालते. त्या मी पुन्हा घालतो.

एकदा आमचं वाजलं. नजीबाच्या हातून तिथे रोटी पडली. तिने उचलून मुका घेतला, कपाळाला लावली आणि उंच जागा शोधू लागली. बाईने घाण म्हणून ती केरात टाकली. मी तडक गेलो. इंग्रजी माझा मी शिकलोय, पण रागात धड निघेना. तरी बजावलं, की रोटी पायाखाली येऊ द्यायची नसते, ती पाखरांसाठी उंचावर ठेवायची. बाई ओशाळली. दुसऱ्या दिवशी भिंतीला फळी ठोकलेली! तिरकी होती, मी सरळ करून दिली.

मिरवत घरी आलो. जेवताना नजीबाच्या हातून तुकडा पडला, तो तिने सरळ केरात टाकला. मी डोळे वटारले, तर मलाच शिकवते, की बाबा, फळी तिकडे आहे, आपल्याकडे कुठाय?

आपली रीत तिच्यात त्या फळीपुरतीच उरली. वाटलं, तुझ्याकडेच धाडावी. आत्याकडे जातेस का, विचारलं. तिने विचारलं, की मग संध्याकाळी तुम्हाला घरी कोण आणणार? ताई, रोज सेवाघरातून तिला मी आणतो. तिच्या हिशेबी ती मला आणते.

नाही पाठवत. ती गेली तर या खोलीत माझ्याशी बोलायला घड्याळंच उरतील. रागव, पण अंतर देऊ नकोस.

तुझा मित्री

झाहले, ८ मे १९१०

चि. मित्रीस आशीर्वाद.

रागावले नाही. खलीलची बायको एकटीच उतरली तेव्हा कळलं, की पोर मी तिच्या भल्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त मागत होते. तुझे भावजी गेल्यापासून या घरातही कुणी मोठ्याने बोललेलं नाही रे.

नजीबाला म्हणावं, आत्याला पत्र लिही. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. मला वाचता येणार नाही, पण हात तिचा असेल.

तुझी वर्दाताई